चोखची चूक

दूध उतू गेलं की घरात पहिला प्रश्न कोणता विचारला जातो, ते तुम्हालाही ठाऊक आहे. "गॅसवर कोणी ठेवलं होतं?" दूध ओट्यावरून खाली ओघळत असतं, शेगडी फुसफुसत असते, आणि घरातली माणसं तिच्यासमोर उभी राहून खटला चालवत असतात. आई म्हणते, मी तुला लक्ष ठेवायला सांगितलं होतं. मुलगी म्हणते, माझा फोन आला. शेवटी कुणाच्या तरी माथी खापर फुटतं, बाकीच्यांना हायसं वाटतं, आणि पंधरा दिवसांत दूध पुन्हा उतू जातं.

त्या सकाळी त्या घरात हेच चाललं होतं. फरक एवढाच, की या घरात निवाडा करायला हक्काचा माणूस होता. घरधनी विमान अपघातांचा तपास करणाऱ्या कार्यालयात अधिकारी होते. बावीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा एकही अहवाल मुदतीबाहेर गेला नव्हता. त्यामुळे कार्यालयात त्यांचं नावच पडलं होतं निकालसाहेब. घरातसुद्धा काही सांडलं, फुटलं, हरवलं की ते वर्तमानपत्र बाजूला ठेवत, दोन प्रश्न विचारत आणि निकाल देऊन मोकळे होत.

आज मात्र मायलेकी भांडून दमल्या, त्यांच्याकडे बघत राहिल्या, तरी साहेबांच्या तोंडून शब्द फुटेना. टेबलाखाली त्यांचा पाय मात्र सारखा हलत होता.

"अहो, तो पाय आवरा," बायको म्हणाली. "कप नाचतायत टेबलावर."

साहेब उठले. पिशवी घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. चष्मा डोळ्यांवर असताना चष्मा शोधला. आणि चहा न घेताच बाहेर पडले.

"बारा दिवस झाले," बायको लेकीला म्हणाली, "माणूस घरात असून घरात नाही."

बारा दिवसांपूर्वी अपघात झाला होता. एकोणीस आसनांचं छोटं विमान सकाळी ओल्या धावपट्टीवर उतरलं, उतरता उतरता डावीकडे ओढलं गेलं आणि पट्टीबाहेरच्या सिमेंटच्या गटाराच्या कडेवर जाऊन आदळलं. अकरा जण जखमी झाले. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेल्या एक शिवणकामाच्या शिक्षिका दगावल्या. बहिणीला भेटून त्या घरी परतत होत्या.

कारण सापडायला चार दिवससुद्धा लागले नाहीत. या विमानाच्या दोन मोठ्या चाकांपासून दोन वायरी निघतात. चाक किती वेगाने फिरतंय ते त्या ब्रेकच्या यंत्रणेला कळवतात. एखादं चाक घसरायला लागलं, की यंत्रणा त्याच चाकाचा ब्रेक क्षणभर सैल सोडते आणि चाक पुन्हा पकड घेतं. अपघाताच्या आठवडाभर आधी हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करतात त्या शेडमध्ये, या वायरी बदलल्या गेल्या, आणि बदलताना डावीची उजवीकडे, उजवीची डावीकडे लागली! धावपट्टी कोरडी होती, चाकं घसरत नव्हती, तोवर कुणाला पत्ता लागला नाही. सातव्या दिवशी पट्टी ओली होती. डावं चाक घसरलं आणि ब्रेक सैल झाला उजव्याचा. डावं जागच्या जागी जाम झालं, टायर फुटला, आणि पुढचं सगळं तीन-चार सेकंदांत घडलं.

वायरी ज्याने लावल्या त्या तंत्रज्ञाची कागदावर सही होती. त्याने कबुलीही दिली होती. निकालसाहेबांच्या टेबलावर मसुदा तयार होता. 'कारण' या शब्दापुढे दोनच शब्द: 'तंत्रज्ञाची चूक'. खाली फक्त सही राहिली होती.

आणि ती सही काही केल्या होत नव्हती! साहेब पेनाचं टोपण काढत, लावत, उठून खिडकीशी जात, परत येत. असं पूर्वी कधी झालं नव्हतं. काय खुपतंय ते सांगता येत नव्हतं, पण दातात अडकलेल्या तंतूसारखं काहीतरी सारखं खुपत होतं.

त्यात दाराबाहेरच्या बाकावर पोस्टमनकाका असत. दगावलेल्या शिक्षिकेचे यजमान. पोस्टातून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, पण अजून दहाच्या ठोक्याला कामावर निघाल्यासारखे निघत आणि इथे येऊन बसत. आरडाओरडा नाही, रडणं नाही. साहेब आले की उठून उभे राहत आणि एवढंच विचारत, "झालं का?"

त्या दिवशीही तेच झालं.

"काका, दोन दिवस थांबा. अहवाल होतोय," साहेब नजर चुकवत म्हणाले.

"मला अहवाल नको, साहेब. मला नाव हवंय. चाळीस वर्षं मी प्रत्येक पाकिटावरचं नाव वाचून ते बरोबर त्या दारात टाकलं. एक पाकीट चुकीच्या घरी गेलं नाही. माझ्या बायकोच्या मरणावर कुणाचं तरी नाव असेलच ना?"

साहेब आत जातात तोच संचालकांचा फोन वाजला.

"अहो निकालसाहेब, नावाला तरी जागा! शुक्रवारी पत्रकार येणार आहेत. माणूस स्वतःच्या तोंडाने कबूल करतोय, मग अडलंय कुठे?"

"एकदा त्याला पुन्हा भेटतो आणि सही करतो," साहेब म्हणाले. आपण हे का बोललो ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

दुपारी ते तंत्रज्ञाच्या घरी गेले. हँगरमध्ये त्याला सगळे 'चोख' म्हणत. काम चोख, बोलणं चोख, अवजारं ठेवण्याची जागा चोख. अठरा वर्षांच्या नोकरीत त्याच्या कामावर एक शेरा नव्हता. आता त्याला घरी बसवलं होतं. दोन खोल्यांच्या घरात तो भिंतीला टेकून बसला होता, हात मांडीखाली घालून. जणू ते हात बाहेर राहिले तर पुन्हा काहीतरी करून बसतील!

"त्या दिवशी काय झालं, ते परत एकदा सांग," साहेब म्हणाले.

"सांगितलंय की साहेब. वायरी मीच लावल्या. सही माझी आहे. लिहून टाका."

"लिहिणारच आहे. पण उलट लागल्या कशा, ते मला समजत नाही."

चोखने मान वर केली. त्याचे डोळे तारवटलेले होते. "तेच मलाही समजत नाही! आजही डोळे मिटले की मला त्या बरोबर लावलेल्याच दिसतात. उलट लावत होतो तेव्हाही मला ते बरोबरच वाटत होतं, साहेब. मग आता मला जे बरोबर वाटतं, ते खरंच बरोबर आहे हे मी कशावरून मानू?"

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली त्याची बायको दारातच थांबली होती. तिला राहवलं नाही. "गॅस बंद केला की नाही ते दहादा जाऊन बघतात. परवा लेकीच्या बुटाची नाडी बांधली, सोडली, बांधली, परत सोडली. शेवटी शाळेची गाडी निघून गेली. ती बिचारी रडायला लागली, आणि हे तिच्याहून जास्त!"

"तू आत जा गं," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता. मग साहेबांकडे वळून म्हणाला, "एकदाचं छापून टाका. लोक शिव्या देतील, देऊ देत. त्या बाई माझ्यामुळे गेल्या, हे मला माहीत आहे. पण हे अधांतरी लटकणं सोसवत नाही."

कबुली मिळाली होती. एकदा नव्हे, दोनदा. तरी साहेब बाहेर पडले ते आणखीच बेचैन होऊन. कार्यालयाकडे वळायचं त्या कोपऱ्यावर ते वळलेच नाहीत. सरळ हँगरवर गेले.

हँगरमध्ये मावशी होती. मावशी म्हणजे तिथली सगळ्यात जुनी तंत्रज्ञ. सत्तावन्न वर्षांची, आखूड कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, आणि हाताच्या रेषांत कायमचं बसलेलं काळं ग्रीस. निम्मा हँगर तिच्या हाताखाली शिकून तयार झाला होता, त्यामुळे ती कुणालाच भीत नसे.

"मला ते काम स्वतः करून बघायचंय," साहेब म्हणाले.

"तुम्हाला?" मावशीने चष्मा चढवून त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "या इस्त्रीच्या शर्टात?"

"मी मूळचा अभियंताच आहे, मावशी. अजून हात विसरले नाहीत."

"हात कधी विसरत नाहीत, साहेब. तेच तर अवघड असतं."

त्याच प्रकारचं दुसरं विमान दुरुस्तीसाठी जॅकवर उचलून ठेवलेलं होतं. मावशीने दोन्ही चाकांच्या वायरी जिथे एकत्र येतात त्या खोबणीचं झाकण उघडलं आणि दोन्ही वायरी सोडवून साहेबांना दाखवल्या. दोन्ही काळ्या. दोन्ही सारख्याच जाड, सारख्याच लांब. टोकाला असलेले प्लगही जुळ्या भावांसारखे. कधीकाळी त्यांवर डावं-उजवं लिहिलेल्या चिकटपट्ट्या होत्या. ग्रीस लागून लागून त्यांवरची अक्षरं केव्हाच पुसली होती.

"गोंधळ कुठे होतो ते मला पक्कं ठाऊक आहे," साहेब बाह्या सरसावत म्हणाले. "या भोकातून आत शिरायचं तर मागच्या बाजूने, उताणं सरकत जावं लागतं. डोकं विमानाच्या नाकाकडे, पाय शेपटीकडे. म्हणजे माझा डावा हात विमानाच्या उजव्या बाजूला येतो. तेवढं लक्षात ठेवलं की झालं."

"अगदी बरोबर," मावशी म्हणाली. "जा आत."

साहेब आत सरकले. जागा इतकी तोकडी होती की नाकाला वरचा पत्रा लागत होता. बॅटरी दातात धरली. कोपर एका नळीला घासत होतं. मनाशी घोकत होते, माझं डावं ते याचं उजवं, माझं डावं ते याचं उजवं. पहिला प्लग हातात घेतला, आणि खिशातला फोन वाजला.

काढणं भाग होतं. संचालक.

"काय हो, भेटलात का त्याला? मग सही?"

"हो साहेब. आज संध्याकाळपर्यंत देतो."

"बघा हं. वरून मलाही फोन येतायत."

फोन ठेवला. बॅटरी पुन्हा दातात. संध्याकाळपर्यंत देतो असं आपण का म्हणालो? प्लग आत सारला. टक! दुसरा सारला. टक! शेजारच्या तपासणी पेटीवर हिरवा दिवा लागला. साहेब घसटत बाहेर आले. शर्टाचा बोळा झाला होता, पण चेहरा उजळला होता.

"झालं! सहा मिनिटं. यात चुकण्यासारखं आहे काय?"

मावशी विमानाच्या डाव्या चाकाशी गेली आणि दोन्ही हातांनी ते गरकन फिरवलं. "आता पेटीवरचे काटे बघा. डाव्या चाकाला डावा, उजव्याला उजवा."

साहेबांनी पाहिलं. डावा काटा ढिम्म होता. उठला होता तो उजवा!

क्षणभर त्यांना वाटलं पेटी बिघडली. "परत फिरवा," ते म्हणाले. मावशीने परत फिरवलं. पुन्हा उजवा काटा! तिथेच एक लाकडी खोकं होतं, त्यावर साहेब मटकन बसले.

"अहो, पण मला ठाऊक होतं!" ते जवळजवळ ओरडले. "चूक काय होते, कुठे होते, सगळं ठाऊक असूनही मी तीच केली! आणि मला ती केल्याचं कळलंसुद्धा नाही!"

"चोखलाही कळलं नाही," मावशी म्हणाली. "त्या दिवशी तीन विमानं आत होती आणि दोन माणसं रजेवर. याचं निम्मं काम झालं होतं, तेवढ्यात त्याला दुसऱ्या विमानाचं चाक चढवायला ओढून नेलं. परत येऊन त्याने काम पुरं केलं. दिवा हिरवा झाला. पुस्तकात लिहिलंय, दिवा हिरवा झाला की काम संपलं. वायरी जोडलेल्या आहेत एवढंच तो दिवा सांगतो. कुठली कुठे जोडली, ते त्या बापड्याला काय माहीत!"

"चाक फिरवून बघायचं पुस्तकात नाही?"

"नाही. ही माझी आपली युक्ती. अपघातानंतर सुचली." मावशी हात पुसत त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. हात पुसून झाले तरी ती पुसतच राहिली. "आणखी एक सांगते. नोकरी गेली तरी चालेल, पण सांगते. तीन महिन्यांपूर्वी याच वायरी दुसऱ्या एका विमानाला उलट लागलेल्या मी पाहिल्या. उड्डाणाच्या आधी माझं सहज लक्ष गेलं. मी गुपचूप सरळ केल्या आणि गप्प बसले."

"गप्प बसलात? कळवलं का नाही?"

"कळवलं असतं तर पहिला प्रश्न काय आला असता? कोणी लावल्या? ज्या पोराने लावल्या त्याच्या सेवापुस्तकात शेरा पडला असता. म्हणून मी त्याला वाचवलं. आणि त्याला वाचवता वाचवता..." तिने वाक्य पुरं केलं नाही. "त्या बाईंचा फोटो मी पेपरातून कापून ठेवलाय, साहेब. रोज बघते."

हँगरमध्ये कुठेतरी पाना खाली पडल्याचा आवाज आला. साहेब दचकले.

"माणूस चुकणारच," मावशी पुढे म्हणाली. "तुम्ही, मी, चोख, सगळेच. आपण चिडलो म्हणून तो चुकायचा थांबत नाही, आणि समज देऊन त्याचे हात देवाचे होत नाहीत. हां, कुणी दारू पिऊन काम करत असेल, न बघता सही ठोकत असेल, तर त्याला जरूर धरा, मीही धरीन. पण जो जीव ओतून काम करतो, तोही जिथे पाय घसरून पडतो, तिथे माणसाला शिव्या देऊन काय उपयोग? फरशीवरचं तेल कोण पुसणार? नऊ वर्षांपूर्वी आमच्या तुकडीतला एक असाच अडकला. याच वायरी. ओली पट्टी. विमान पट्टीवरून घसरून गवतात गेलं, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. अहवाल आला, 'तंत्रज्ञाचा निष्काळजीपणा'. तो नोकरी सोडून गेला. प्लग मात्र इथेच राहिले."

"कोणी केला होता तो तपास?" साहेबांनी विचारलं. पण विचारता विचारताच त्यांना आठवलं. गवत. ओली पट्टी. छोटं विमान. इतक्या वर्षांच्या फायलींखाली दबलेलं जुनं प्रकरणच बारा दिवस खुपत होतं, ते आता कळलं!

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. "तुम्हीच, साहेब."

कार्यालयात परतल्यावर त्यांनी स्वतः जुन्या फायलींच्या खोलीत जाऊन ती फाईल काढली. अवघी सव्वा पानाची. तपास चार दिवसांत पुरा. शेवटची ओळ होती: 'संबंधितास समज देण्यात यावी. प्रकरण बंद.' खाली त्यांचीच ऐटदार सही. त्या अहवालासाठी त्यांची पाठही थोपटली गेली होती. दोन प्लग सारखे का आहेत, हा प्रश्न त्या सव्वा पानात कुठेच नव्हता. त्यांनी तो विचारलाच नव्हता. नाव मिळालं होतं, मग प्रश्न कशाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नवा मसुदा घेऊन संचालकांपुढे उभे राहिले. 'कारण' या शब्दापुढे आता दोन शब्द नव्हते, पुरती दोन पानं होती. एकसारखे प्लग. पुसलेल्या खुणा. अपुरी तपासणी. अपुरी माणसं. चूक कळवली की चुकलेल्यावर शेरा मारणारा नियम. आणि शेवटी, नऊ वर्षांपूर्वीचा अपुरा तपास, तपास अधिकाऱ्याच्या नावासह.

संचालकांनी कागद दोनदा वाचला. "वेड लागलंय का तुम्हाला? आपल्याच पायावर धोंडा मारून घेताय!"

"साहेब, धोंडा नऊ वर्षांपूर्वीच पडलाय. पण माझ्या पायावर नाही. त्या तिसऱ्या रांगेतल्या बाईंवर."

"लोकांना हे पचणार नाही. त्यांना एक माणूस हवा असतो."

"मग त्यांना समजावून सांगू. पण एक माणूस देऊन हे आपण मिटवलं, तर पुढच्या ओल्या पट्टीवर आणखी एक विमान घसरेल. तेव्हा सही कोण करेल?"

संचालकांनी कागद पुन्हा एकदा चाळला आणि पुढे पाठवण्याच्या ढिगात ठेवला.

पण सगळ्यात अवघड काम बाहेर, बाकावर बसलं होतं. साहेबांनी पोस्टमनकाकांना आत बोलावलं, खुर्ची दिली, आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. दोन पेनं हातात घेऊन वायरी कशा उलटतात ते दाखवलं. स्वतः कसे चुकले ते सांगितलं.

"म्हणजे चूक कुणाचीच नाही?" काकांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "असं कसं चालेल? माझी बायको काय आपोआप मेली?"

"कुणाचीच नाही असं नाही, काका. एकट्याची नाही. साखळीत सहा कड्या आहेत. एक जरी वेळेवर तुटली असती तर अपघात झाला नसता. तुम्ही नाव मागत होतात. त्यातलं एक नाव माझं आहे."

"नऊ वर्षांपूर्वी तुम्ही नीट बघितलं असतं, तर..."

"हो."

"तर ती आज..."

"बहुतेक हो, काका."

काका उठले. खुर्ची जागेवर सरकवली, टोपी सारखी केली, आणि एक शब्द न बोलता निघून गेले. दुसऱ्या दिवशी दहाला बाक रिकामा होता. तिसऱ्या दिवशीही. निकालसाहेब दर थोड्या वेळाने दार उघडून बाहेर बघत. शिव्या दिल्या असत्या, कॉलर धरली असती, तर बरं झालं असतं असं त्यांना वाटे. चूक कबूल करणं सोपं असतं. त्यानंतरची शांतता सोसणं अवघड असतं!

अहवाल जाहीर झाला. वर्तमानपत्रांनी दोन दिवस साहेबांवर झोड उठवली. त्यांना मिळणारी बढती थांबली. पण कामं हलली. त्या जातीच्या प्रत्येक विमानाचे प्लग बदलायचा हुकूम निघाला. डाव्याचा आकार चौकोनी, उजव्याचा गोल. चाक फिरवून काटा बघण्याची मावशीची युक्ती छापील पुस्तकात चढली. आणि आपली किंवा दुसऱ्याची अजाणता झालेली चूक कुणी कळवली, तर कुणाच्याच नावावर शेरा पडणार नाही, असा नियम झाला. पहिल्या महिन्यात एकट्या त्या हँगरमधून एकतीस चिठ्ठ्या आल्या. एकतीस! एवढं सगळं इतकी वर्षं माणसांनी पोटात घालून ठेवलं होतं.

चोखला परत कामावर घेतलं. पहिल्या दिवशी तो अवजारांच्या पेटीशीच घुटमळत राहिला. मावशीने त्याला दया दाखवली नाही, सरळ नव्या प्लगचं काम दिलं. "तू लाव, मी तपासते. उद्या मी लावीन, तू तपास. इथे आता कुणीच एकटं काम करायचं नाही."

चार महिन्यांनी एका सकाळी निकालसाहेब हँगरमध्ये चिठ्ठ्या वाचत बसले असताना दारात पोस्टमनकाका उभे राहिले. खंगले होते.

"ते प्लग बदललेत म्हणे," ते म्हणाले. "मला बघायचेत."

साहेबांनी त्यांना विमानापाशी नेलं. झाकण उघडं होतं. मावशीने आतली भोकांची पट्टी सुटी करून दोन्ही वायरींसह बाहेर ओढली आणि त्यांच्या हातात दिली. काकांनी चौकोनी प्लग घेतला आणि गोल भोकावर टेकवला. दाबला. गेला नाही. फिरवून दाबला. तरी गेला नाही. मग दोन्ही हातांनी, दात आवळून, सगळा जीव एकवटून ते तो प्लग आत कोंबू लागले. मनगटाच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहू लागलं. कुणीही त्यांना अडवलं नाही.

प्लग तसूभरही आत गेला नाही.

"जात नाही," शेवटी ते धापा टाकत म्हणाले. "नाहीच जात!"

मग त्यांची नजर मागे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाकडे गेली. त्याचे हात पाठीमागे होते.

"तूच का तो?"

"हो काका," चोख कसाबसा म्हणाला. "मीच."

त्याला माफ केलं, असं काका म्हणाले नाहीत. त्यांनी फक्त हातातला प्लग त्याच्यापुढे धरला. "घे. लाव. मी बघतो."

चोखने प्लग घेतला, चौकोनी भोकाला लावला. टक. दुसरा गोल भोकाला. टक. काका स्वतः चालत डाव्या चाकापाशी गेले आणि त्यांनी ते फिरवलं.

डावा काटा उठला.

मंडळी, कारखाना असो, दवाखाना असो, शाळा असो की आपलं घर, चुकणारी माणसं सगळीकडे आहेत, कारण माणसंच सगळीकडे आहेत. चुकलेल्याचं नाव हाती लागलं की आपण शोध थांबवतो. खरं तर शोध तिथून सुरू व्हायला हवा. हा भला माणूस इथे चुकला कसा, आणि त्याच्या जागी उद्या मी असेन तर मला कोण अडवेल? जिथे चूक सांगणाऱ्याला आधी ऐकून घेतात, तिथे चुका लहान असतानाच सापडतात. जिथे त्याचं तोंड दाबलं जातं, तिथे त्या अंधारात वाढत राहतात, आणि त्यांची किंमत तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलेलं, ज्याचा काही अपराध नाही असं कुणीतरी मोजतं.